मारव्यातला पंचम

प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या की आमच्या संगीत विभागात सगळ्यात आधी कूलर बंद होतो. बाहेर वर्ध्याचं मार्चअखेरचं ऊन, बाहेरचा आवाज नको म्हणून लावून घेतलेल्या खिडक्या, आत दहा-बारा माणसं घामाघूम, आणि कोपऱ्यात नव्या वाळ्याच्या ताट्या बसवलेला कूलर गप्प उभा. कारण त्याला स्वतःचा एक सूर आहे. काळी चार आणि पांढरी सहा या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी तो घुमत असतो आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या पोरी नकळत त्याच्याकडे ओढल्या जातात. चांगली सुरात असलेली मुलगी अंतऱ्यापर्यंत पाव सूर चढते आणि तिला कळतही नाही. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात आम्ही सगळे उकडून निघतो.

या वर्षीचं वेळापत्रक परवा फलकावर लागलं. पर्स खांद्यावरून न उतरवता मी ते वाचलं. अंतर्गत परीक्षक म्हणून माझं नाव वर, हर्षदाचं खाली. सेवाज्येष्ठतेनं. मी ते नीट पाहून घेतलं. जगात तेवढा एकच कागद उरलाय, ज्यावर माझं नाव तिच्या वर असतं, आणि या वयातही मला तो बघायला आवडतो.

हा लेख मत्सराबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाई गाणं शिकवते, म्हणजे आता सुरांची साधना वगैरे येणार. साधना मीही केली आहे. पण त्या वर्षी, ज्या परीक्षांची मला आज आठवण येते आहे, त्या वर्षी मी सगळ्यात मन लावून जर काही केलं असेल तर तो हर्षदाचा मत्सर. त्यात खंड पडला नाही.

हर्षदा हिंगणघाटची. माझ्यानंतर सहा वर्षांनी विभागात आली. तोवर गायन शिकवणारी मी एकटीच होते आणि त्यामुळे साहजिकच विभागातली सर्वोत्तम गायिकाही मीच होते. तिला पहिल्यांदा ऐकलं ते नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला. तिनं नुसती सरस्वतीची प्रार्थना म्हटली. चार ओळी. माझ्या पोटात दुखलं, अगदी खरंखुरं, बरगड्यांच्या खाली. मी ते सकाळच्या पोह्यांवर ढकललं.

तिच्या कशाकशाचा हेवा वाटायचा याचा हिशोब लागत नाही. सकाळी उठून, चहासुद्धा न घेता, तिचा आवाज मोकळा असायचा. ती दही खायची. लोणचं खायची. एप्रिलमध्ये बर्फाचा गोळा खात विभागात यायची, ओठ लालभडक, आणि तशीच वर्गात जाऊन तारसप्तकातल्या पंचमावर उभी राहायची. मी वीस वर्षांत दह्याला हात लावला नव्हता. डिसेंबरात गळ्याला मफलर, पर्समध्ये ज्येष्ठमधाची डबी, रोज झोपण्याआधी मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या. एवढं करून माझा घसा बसायचाच, आणि तिचा साधा खोकलाही मी कधी ऐकला नाही. देवानं असं वाटप करायला नको होतं. करायचंच होतं तर निदान दोघींना एका विभागात आणायला नको होतं.

ती कार्यक्रम करायची. नागपूर, अमरावती, अकोला, एकदा तर पार इंदूर. मग विभागप्रमुखांकडून माझ्या टेबलावर तिचा अर्ज यायचा, कार्यक्रमाच्या कामासाठी दोन दिवस बाहेर, आणि तिचे तास माझ्याकडे. तिचे तास म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलग्यांची तुकडी. देवळीची, समुद्रपूरची, मिसरूड फुटलेली, भजनी मंडळात वाढलेली, दणदणीत आवाजाची पोरं. ती काळी एकमध्ये गातात. त्यांना अलंकार शिकवायचे तर मलाही काळी एकमध्येच उतरावं लागतं. बाईचा गळा रोज चार-चार तास पुरुषांच्या पट्टीत वापरला की त्याचं काय होतं, हे ज्यांनी शिकवलं आहे त्यांनाच माहीत. वरचे सूर हळूहळू नाराज होतात. बोलावलं तर येतात, पण कुरकुरत येतात.

माझा नवरा सेवाग्रामच्या दवाखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. गाण्यातलं त्याला फारसं कळत नाही, पण घरातलं कळतं. एकदा मी स्वयंपाकघरातून त्याला हाक मारली तर तो बाहेर येऊन म्हणाला, "तू घरातबी काळी एकातच बोलून राह्यली. मले वाटलं, कोणी सर आले घरी."

तो हसला. मीही हसले. मग भाजी ढवळता ढवळता मला वाटलं, हर्षदाच्या घरी तिला असं कोणी म्हणत नसेल.

त्या वर्षी ऑनलाइन शिकवणं नुकतंच संपलं होतं. आधीचं अख्खं वर्ष पोरं मोबाइलमध्ये होती. ज्यांनी इतिहास-भूगोल शिकवला त्यांचं काय ते त्यांनाच ठाऊक, पण गाणं मोबाइलवर शिकवणं म्हणजे काय असतं ते आम्ही पाहिलं. मी 'सा' लावायची, तो पोरांपर्यंत पोचेपर्यंत मी 'रे'वर गेलेली असायची. पंधरा जणांनी एकत्र म्हटलं की बाजारात गोंधळ उठावा तसं व्हायचं. शेवटी मी वहीवर बंदिशींची स्वरलिपी सुवाच्य अक्षरात लिहायची, मात्रा मोजून, सम-काल दाखवून, आणि तिचा फोटो काढून पाठवायची. मला त्या अक्षराचा अभिमान होता. नालवाडीतल्या घरी खिडकीशी बसून मी तासन् तास त्या कागदांवर घालवले.

माझ्या वर्गात तेव्हा पल्लवी होती. वडनेरची, शेतकऱ्याची मुलगी. घरी गाण्याचं काही नाही, पण गळा असा की पहिल्याच दिवशी मी तबल्याच्या वानखडे सरांकडे पाहिलं होतं आणि त्यांनी भुवया उंचावल्या होत्या. वानखडे सर आमचे विभागप्रमुखही होते. तीन वर्षं पल्लवीला मी घडवलं. हर्षदा त्या वर्गाला शिकवतच नव्हती. कार्यक्रमांत ती कितीही मोठी असू दे, पल्लवी माझी आहे, असं मी मनात पक्कं धरून ठेवलं होतं.

आणि अजून एक गोष्ट होती, ती मी तेव्हा घरीही बोलले नव्हते. त्या वर्षी बाहेरून येणारे परीक्षक म्हणजे एक जुने, जाणते गवई होते. ते दर हिवाळ्यात एक संगीत संमेलन भरवायचे. छोटंच, पण जाणकारांचं. परीक्षांच्या निमित्तानं ते ठिकठिकाणी जात, आणि परीक्षा संपल्यावर शिक्षकांना गायला सांगत. आमच्याकडे तशी पद्धतच आहे, शेवटचा विद्यार्थी उठला की पाहुण्यांसाठी तासाभराची बैठक. त्या बैठकींतून ते संमेलनासाठी माणसं निवडतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मी शेहेचाळीस वर्षांची होते. मोठ्या बैठकीत गायले त्याला अकरा वर्षं झाली होती. आता नाही तर कधीच नाही, हे मला रोज सकाळी दात घासताना कळत होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणून मी निवृत्त होणार होतेच. त्याआधी एकदा तरी कोणीतरी मला गाणारी म्हणायला हवं होतं.

पूरिया धनाश्री घ्यायचा मी ठरवला. संध्याकाळचा राग, बैठक संध्याकाळी. त्यात माझ्या उतरलेल्या आवाजाला शोभणारं काहीतरी आहे. महिनाभर मी रोज साडेसातला विभागात येत होते. सेवाग्रामच्या रस्त्याला पळस पेटलेले, हवेत अजून थोडी थंडी, विभागात कुत्रंसुद्धा नाही. तानपुरा लावायचा, पहिली तार पंचमावर, आणि नऊ वाजेपर्यंत गायचं. तिसऱ्या आठवड्यात वरचे सूर कुरकुर न करता यायला लागले. एके दिवशी तर मी मधेच थांबले, कारण मला माझं स्वतःचं गाणं आवडलं होतं. असं फार वर्षांत झालं नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी पोरं व्हरांड्यात भिंतीला तोंड करून गुणगुणत होती. कोणी मांडीवर चौताल मोजतंय, कोणी खडीसाखर वाटतंय, एक पोरगी रडवेली होऊन बिभास आणि भूप यांच्यातला फरक मैत्रिणीला विचारतेय. आत मी पेटीवर, वानखडे सर तबल्यावर, पाहुणे परीक्षक मध्यभागी डोळे अर्धे मिटून. पहिले सहाजण गेले. हातावर ठेका, दुगुन, आरोह-अवरोह, घाम.

मग पल्लवी आली. तिनं यमन घेतला. माझी बंदिश, मी कागदावर लिहून पाठवलेली. दोन आवर्तनं छान गेली. आणि मग समेकडे येताना तिनं गांधारावरून एक लहानशी मुरड घेतली, जराशी उशिरा, जणू समेला यायचं राहूनच गेलं होतं आणि आता आठवलं. परीक्षकांनी डोळे उघडले. "वा," ते म्हणाले.

ती मुरड माझी नव्हती. ती मी शंभर वेळा शेजारच्या वर्गातून ऐकली होती. ती हर्षदाची होती.

पेटीवर माझं बोट चुकलं. वानखडे सर तबल्यावरून हात न उचलता माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, सम तिकडं गेली अन् तुमी इकडं."

पल्लवीचं झाल्यावर मी पाणी प्यायच्या निमित्तानं तिच्यामागे व्हरांड्यात गेले. हे मी करायला नको होतं. परीक्षा चालू होती. पण मला राहवेना.

"ती समेची जागा कुठून घेतली?" मी विचारलं.

तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, मी कौतुक करतेय. "हर्षदा मॅडमनं दिली. मोबाइलवर शिकत होतो न तवा. तुमी कागद पाठवला होता, पण मॅडम, थे सूर मले समजे, कसे म्हणाचे थे नाई समजे. गच्चीवर जाऊन रेंज घेऊन वाचू वाचू पाहे. मंग हर्षदा मॅडमले फोन केला. त्यायनं गाऊन पाठवलं."

"मला का नाही विचारलं?"

"तुमाले काऊन त्रास द्या," ती म्हणाली. "तुमी एवढं सुंदर लिहून पाठवलं होतं."

मी म्हटलं, छान गायलीस. आत जाऊन तिला गुण दिले. पैकीच्या पैकी द्यावेत असं ती गायली होती. मी दोन कमी दिले. ते दोन हर्षदाचे होते, असं माझं तेव्हाचं गणित. ती तरीही वर्गात पहिली आली, त्यामुळे त्या दोन गुणांनी कुणाचं काही बिघडलं नाही, माझं सोडून.

माणसाचा मत्सर वाटणं वेगळं आणि आपल्याच मुलीच्या गळ्यातून त्या माणसाचा आवाज येणं वेगळं. दुपारभर मी पेटी वाजवत होते आणि आत नुसता जळफळाट चालला होता. तिला कार्यक्रम आहेत, तिला गळा आहे, तिला वर्तमानपत्रातले फोटो आहेत. एक मुलगी माझ्याकडे होती. तिच्याही गळ्यात शिरायची काय गरज होती? आणि गंमत म्हणजे हर्षदानं काहीच चोरलं नव्हतं. एका पोरीनं विचारलं आणि तिनं चटकन गाऊन पाठवलं. मी सुवाच्य अक्षरात मात्रा मोजत बसले होते. हा राग मला हर्षदावर काढायचा होता की स्वतःवर, ते अजूनही मला धड सांगता येत नाही.

साडेपाचला शेवटचा विद्यार्थी उठला. वानखडे सरांनी चहा मागवला. परीक्षक म्हणाले, "चला, आता गुरुजनांचं ऐकू द्या." खिडक्या उघडल्या, सतरंजी झटकली, पोरं भिंतीला टेकून बसली. आमच्याकडे रीत अशी की धाकट्यानं आधी गायचं, मोठ्यानं नंतर. म्हणजे आधी हर्षदा, मग मी. आणि जी गात नाही तिनं दुसरीच्या मागे तानपुरा धरायचा.

बाजूच्या खोलीत मी जेवणाच्या सुट्टीतच माझा तानपुरा लावून ठेवला होता. पूरिया धनाश्रीसाठी, पहिली तार पंचमावर. हर्षदा पदर खोचत आली आणि म्हणाली, "ताई, मी मारवा गाते आज. चालन न?"

"गा की," मी म्हटलं.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की मारव्यात पंचम नाही. त्या रागात तो सूर औषधालाही सापडत नाही. म्हणून मारवा गाताना तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून काढून निषादावर घ्यावी लागते. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, जवारीचा दोरा जरा हलवायचा. दोन मिनिटांचं काम. पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं.

मी ते केलं नाही. पुढे काही वर्षं मी स्वतःला सांगत आले की घाईत विसरले. खोटं आहे ते. मी खुंटीवर हात ठेवला होता. मला आठवतं, ती गार होती. मग मी हात काढला, तानपुरा उचलला आणि हर्षदाच्या मागे जाऊन बसले. दुसऱ्या तानपुऱ्यावर पल्लवी होती. तिनं आपली तार निषादावर नीट घेतलेली होती. हर्षदानं बसता बसता दोन्ही तानपुऱ्यांकडे कान केला नाही. माझ्या हातात तानपुरा आहे म्हटल्यावर तिला ती गरज वाटली नसावी.

मी वाजवायला सुरुवात केली. पंचम, सा, सा, सा. हॉलमध्ये तो स्वच्छ ऐकू येत होता. पल्लवीनं दोन वेळा माझ्या बोटांकडे पाहिलं, मग वाकून कुजबुजली, "मॅडम, पंचम वाजून राह्यला."

"राहू दे," मी म्हटलं.

ती सरळ बसली आणि तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. तीन वर्षं शिकवलेल्या मुलीला मी त्या दोन शब्दांत काय शिकवलं, ते तिनं ओळखलं असणार. मी मान खाली घातली. हर्षदाची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी वाट पाहत होते. ती अडखळेल, सूर इकडेतिकडे होईल, पाहुण्यांच्या कपाळावर आठी येईल, आणि मग मी गायला बसेन. मला तिचं वाईट व्हायला नको होतं, फक्त तेवढ्या संध्याकाळपुरतं ती माझ्याहून चांगली नसावी, इतकंच हवं होतं.

तिनं सुरुवात केली. निषाद, कोमल रिषभ, गांधार. मग तीव्र मध्यम. तिथे ती थांबली, जरा जास्तच. आणि मग सावकाश, जणू पहिल्यापासून तिथेच यायचं होतं, ती पंचमावर येऊन बसली.

माझा हात तारेवर तसाच फिरत राहिला. मारवा आणि पूरिया धनाश्री यांची सुरुवातीची वाट एकच आहे. निषाद, रिषभ, गांधार, मध्यम, इथपर्यंत गाणारा कुठे निघालाय ते सांगता येत नाही. पंचम आला की कळतं. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. ती मारवा गाणार होती हे मला आणि तबल्याच्या साथीला बसलेल्या वानखडे सरांना ठाऊक होतं, आणि पल्लवीला. बाकीच्यांनी फक्त पूरिया धनाश्री ऐकला. आणि काय गायली ती! मी एक महिना ज्या जागा शोधत होते त्यांच्यापाशी ती उभ्या उभ्या जाऊन आली. माझा तानपुरा तिच्या मागे चोख वाजत होता. इतका चोख मी फार दिवसांत लावला नव्हता.

ती उठली तेव्हा पाहुण्यांनी नुसती मान हलवली. मग माझ्याकडे वळले. "आता तुमचं."

एका बैठकीत एकदा झालेला राग पुन्हा गात नाहीत. त्यातून त्याच गाण्यावर आपलं गाणं मांडायचं धारिष्ट्य कोण करणार. दुसरा एखादा राग मला गाता आला असता. पंधरा वर्षं रोज शिकवत होते, दहा राग झोपेत गायले असते. पण महिनाभर मी एकाच दारापाशी उभी होते आणि ते दार माझ्याच हातानं बंद झालं होतं. मी म्हटलं, "आज घसा धरलाय."

वानखडे सर परीक्षकांना स्टेशनवर सोडायला निघताना जिन्यात फक्त एवढं म्हणाले, "ज्येष्ठमध घेत जा जरा, मॅडम."

पंधरा दिवसांनी हर्षदाला संमेलनाचं पत्र आलं. तिनं ते माझ्याच टेबलाशी उभं राहून वाचलं आणि मी अभिनंदन म्हटलं. एप्रिल सुरू झाला. गुणपत्रिका भरायच्या होत्या, कूलर पुन्हा चालू झाला होता. नालवाडीच्या वळणावर गाडी हळू केली की माझ्या कानात तिनं घेतलेला तो पंचम यायचा. हिवाळ्यात तिच्या संमेलनातल्या गाण्याचं चित्रण सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. मीही पाहिलं. आवाज बंद करून पाहिलं.

इतकी वर्षं झाली. पल्लवी आता हिंगणघाटच्या एका शाळेत गाणं शिकवते, दिवाळीला फोन करते, आधी मला आणि मग हर्षदाला, असं मला वाटतं, उलटंही असेल. हर्षदा अजून शेजारच्याच वर्गात आहे. तिचे केस कानापाशी पांढरे झाले आहेत. अजूनही दही खाते.

काल दुपारी आम्ही दोघी परीक्षेसाठी तानपुऱ्यांच्या तारा बदलत बसलो होतो. वीज गेलेली. जुनी तार सोडवायची, नवीन घोड्यावरून घ्यायची, खुंटीला गुंडाळायची, बोटं काळी होतात. असलं काम करताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. म्हणून असेल, मी बोलून गेले.

"हर्षदा, त्या वर्षी पाहुण्यांपुढे तू मारवा गाणार होतीस. पहिली तार मी निषादावर घेतली नाही. विसरले नव्हते."

तिनं तार ओढून ताण पाहिला. "माहीत आहे मले."

"माहीत आहे?"

"तुमचं 'राहू दे' मी ऐकलं होतं न, ताई. हातभर तं दूर होत्या तुमी."

मला बसल्या जागी उकडायला लागलं. मी म्हटलं, मग मागे वळून सांगायचं. निषाद करा म्हणायचं. मी नाही म्हणाले असते का?

"नसत्या म्हणाल्या," ती म्हणाली. मग तिनं खुंटीला एक पीळ दिला. "दोन मिनिटाचं काम होतं. मी मुद्दाम नाई सांगितलं."

"काऊन?" मी विचारलं. माझ्या तोंडून तिच्यासारखंच आलं.

"तुमी तवा रोज साडेसातले येत होत्या. मी पावणेआठले येत होती. आत नाई येत होती. बाहेर पायरीवर बसून ऐकत होती, महिनाभर. तुमाले वाटलं असन, विभागात कोणी नाई." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मारवा मी घेतला थो भेवानं घेतला, ताई. तुमच्या पूरिया धनाश्रीच्या जवळबी नाई फिरकाचं म्हणून. अन् मंग मागून पंचम आला. मले वाटलं, आता गाऊनच टाकतो. मी गायली का तुमाले थो गाता येत नाई. तुमी गायल्या असत्या तं माहं गाणं त्या पाहुण्यायच्या ध्यानातबी राह्यलं नसतं. महिनाभर ऐकलं होतं मी. तुमच्या चार-दोन जागा बी उचलल्या त्या दिवशी. तुमाले समजलं नाई?"

मला समजलं नव्हतं. मी तेव्हा जळत होते, ऐकत कुठे होते?

मला संताप यायला हवा होता. माझं एकुलतं एक संमेलन तिनं हिसकावलं होतं, ठरवून, माझ्याच जागा घेऊन. मी संतापाची वाट पाहिली. तो आला नाही. आलं ते भलतंच काहीतरी, छातीत ऊन पडल्यासारखं. हर्षदाला, दही खाऊन तारसप्तकात उभ्या राहणाऱ्या हर्षदाला, माझी भीती वाटली होती. महिनाभर ती पायरीवर बसून माझ्यावर जळत होती.

"परत सांग," मी म्हटलं.

"काय?"

"हेच. पायरीपासून सांग."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, थोडी हसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. मी हातातली तार खाली ठेवली आणि डोळे मिटून ऐकलं.